ब्रिंक विरुद्ध ब्रिंक

सोमवार, ४ फेब्रुवारी १९५७

आजच्या टपालानं आलं —
बरण्यांच्या झाकणांची रबरं, दोन डझन, ३८ सेंट.
बियाण्यांची यादी, फुकट.
एव्हर्टसाठी काळा टाय, १ डॉलर १० सेंट. दिसतो रेशमी, आहे दुसराच कसला तरी.

टाय जास्तीचा झाला, कबूल. पण ईस्टरला एव्हर्ट चर्चच्या पंचांच्या बाकावर बसायचा आहे आणि जुन्या टायवर वाटाण्याच्या सूपचा डाग आहे. त्याचे वडील त्या बाकावर एकोणीस वर्षं बसले. एव्हर्ट तोंडानं काही बोलत नाही. पण दुपारी मी कोंबड्यांना दाणे घालून आत आले तर हा आरशासमोर! कामाच्या सदऱ्यावर टाय बांधून उभा. मला पाहून म्हणाला, "लांबी बघत होतो." लांबी!

घोडं अडलंय एका कागदाशी. काल उपासना सुटल्यावर पाळक व्हॅन झी आमच्याजवळ आले. मागं पंच क्लास ड्युरिंग, तोंडात पेपरमिंट, चेहऱ्यावर साऱ्या मंडळीची काळजी. पाळक चाचरत म्हणाले, "एव्हर्टचं आधीचं लग्न... तो घटस्फोटाचा कागद एकदा पाहायला मिळाला तर बरं."
क्लास म्हणाला, "दोष कुणाचा होता तेवढंच बघायचं. बाकी आम्हाला काय करायचंय!"
आमच्यात नियमच आहे तो. ज्याचा दोष नाही त्याला बाकावर बसता येतं. ज्याचा दोष, त्यानं मागं बसून देवाचं ऐकावं.
एव्हर्ट म्हणाला, "कागद कुठं आहे मला ठाऊक नाही. राहू दे ते पंचपण."
मी म्हटलं, "मी मिळवते."

एवढ्या झटकन का म्हटलं, ते इथं लिहायला हरकत नाही. नुसतं टायसाठी नाही. अकरा वर्षं संसार केला, या माणसानं तिचं नाव एकदासुद्धा घेतलं नाही. चांगलं नाही की वाईट नाही. माणूस विसरलेल्या गोष्टीबद्दल असा गप्प राहत नाही.

आर्लीन. घ्या, मी लिहिलं.


बुधवार, ६ फेब्रुवारी

वकील नुसतं विचारायचे पाच डॉलर मागतो. फोन करायची सोय नाही. आमच्या तारेवर सात घरं आहेत आणि सातही घरांत कान आहेत. कोर्टाचं नाव काढायचा अवकाश, शेजारच्या हेन्रिएटाचा श्वास ऐकू येईल. तेव्हा पत्रच.

कुठल्या काउंटीला लिहायचं? एव्हर्टच्या पेटीच्या तळाशी त्यांचा लग्नाचा फोटो आहे, मागं 'हॅस्केट, जून १९३९' असं लिहिलंय. (पेटी मी फक्त डांबराच्या गोळ्या घालायला उघडते. वर्षातून दोनदा. बरं, चारदा.) लग्न तिथं, म्हणजे कागदही तिथंच. हॅस्केट काउंटीच्या कोर्टाला लिहिलं. शोधायचा एक डॉलर आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट घातलं.

फोटो परत ठेवला. पुढच्या दोन दातांत फट आहे तिच्या. मी नसती एवढं तोंड उघडून हसले.

हेन्रिएटा एकदा म्हणाली होती, "आर्लीन गायला लागली ना मीना, की कोरसमधल्या बाकीच्या नुसती तोंडं हलवायच्या." मी आल्टोत आहे, खालच्या सुरात. दुसऱ्या रांगेत.


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

हॅस्केटचं उत्तर आलं. चार ओळी. लग्नाची नोंद आहे. "या दोन नावांच्या घटस्फोटाची कोणतीही नोंद या कचेरीत आढळली नाही."

तीनदा वाचलं. मग खुर्चीत बसले.

नोंद नाही म्हणजे घटस्फोट नाही. घटस्फोट नाही म्हणजे ती अजून त्याची बायको. मग अकरा वर्षं या घरात मी कोण?

ब्रेड जळला. अख्खा.

संध्याकाळी माझी उशी शिवणाच्या खोलीत नेली. देवासमोर दुसरा मार्ग दिसेना.
एव्हर्ट दारात आला. "काय झालं? मी घोरतो का?"
"हो."
"आजच?"
"आज फार."
तो डोकं खाजवत गेला. एका खोट्यातून सुटायला दुसरं खोटं बोलले. क्षमा कर, प्रभू.


रविवार, १७ फेब्रुवारी

शिवणाच्या खोलीतला पलंग मध्ये खचलाय. उपासनेत एव्हर्टनं नेहमीसारखं पेपरमिंट पुढं केलं. घेतलं नाही. त्यानं ते माझ्या हातमोज्यावर ठेवून दिलं.

मनात एकच. तिचा हक्क अजून आहे. ती उद्या फट दाखवत हसत फाटकातून आत आली तर मी तिला थांबवू शकत नाही.


मंगळवार, १९ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे! देवा, तुझे आभार, मी मूर्ख आहे!

कर भरायला गावच्या कचेरीत गेले होते. खिडकीत म्हातारा लोबॅक. मागं कुणी नाही पाहून विचारलं, "एका ओळखीच्या बाईंना विचारायचं होतं..."
"ओळखीच्या बाई," तो म्हणाला. "या खिडकीशी नेहमी ओळखीच्याच बाईंचं काम असतं. बोला."
सगळं ऐकून हसायला लागला. "अहो बाई, लग्न जिथं लागलं तिथं कशाला शोधताय? ज्यानं कोर्टात अर्ज केला, तो तेव्हा ज्या काउंटीत राहत होता तिथं शोधायचं. चर्च लग्नाचं, कोर्ट घटस्फोटाचं, दोन्ही एका जागी कसं असेल?"
मी म्हटलं, "राजधानीच्या खात्यात नसतं का?"
"तिथं यादी असते. कोण, कधी, कुठली काउंटी. का, ते नसतं. 'का' हवं असेल तर काउंटीचं कोर्ट." मग खिडकीतून पुढं झुकला. "तुमच्या ओळखीच्या बाईंना 'का' हवंय का?"
"दोष कुणाचा ते हवंय."
"म्हणजे 'का'च."

एव्हर्ट लढाईच्या सुरुवातीला बर्डेट काउंटीत होता, मांस डबाबंद करायच्या कारखान्यात. एवढं मला माहीत होतं! तरी मी हॅस्केट धरून बसले. तो फोटो नडला.

आजच पत्र टाकलं, चर्चसाठी हवं असंही लिहिलं. 'एव्हर्ट ब्रिंक विरुद्ध आर्लीन ब्रिंक, साल १९४२ ते ४५ मधलं.' उशी मात्र अजून शिवणाच्या खोलीतच. नोंद हाती आल्याशिवाय नाही.


बुधवार, २७ फेब्रुवारी

सापडलं! बर्डेट काउंटीच्या डेप्युटी क्लार्क मिसेस वॉल्टर प्रुइट यांचं पत्र. स्वच्छ टाइप केलेलं, एक खाडाखोड नाही. लिहितात —

"आपण नावं उलट दिली आहेत. यादीत ज्यानं दावा केला त्याचं नाव आधी असतं. इथं दावा पत्नीचा आहे. ब्रिंक, आर्लीन विरुद्ध ब्रिंक, एव्हर्ट. क्रमांक ४४१७. निकाल ९ नोव्हेंबर १९४३. आपल्याला तीन प्रकारे मिळू शकेल. नुसता दाखला, त्यात नावं आणि तारीख. निकालाची नक्कल. किंवा संपूर्ण फाइल, एकोणीस पानं, दर पानाला पंचवीस सेंट. चर्चसाठी दाखला पुरतो. माझा सल्ला, दाखलाच घ्यावा."

खाली शाईनं बारीक अक्षरात, "आपण कुशल असाल अशी आशा."

कोर्टातली बाई आणि कुशल विचारते! भली दिसते.

उशी परत आणली. एव्हर्ट म्हणाला, "थांबलं वाटतं माझं घोरणं?"
"कमी झालंय."

पण झोपेपर्यंत एकच डोक्यात. दावा तिचा. तिनं सोडलं. मी इतकी वर्षं धरून चालले होते की यानं तिला सोडलं. सोडून आलेला माणूस माझ्याकडे आला असं वाटायचं. आता कळतंय, तो टाकलेला होता. त्याला राहायचं होतं!


गुरुवार, २८ फेब्रुवारी

सल्ला चांगला आहे. ऐकणार नाही. क्लासला दोष हवाय, मला सगळंच हवंय. अंड्यांच्या डब्यातले ४ डॉलर ७५ सेंट पाठवले. एकोणीसच्या एकोणीस पानं.


शुक्रवार, ८ मार्च

आली फाइल. एव्हर्ट दळण आणायला गेला होता. स्वयंपाकघराचं टेबल पुसलं, हात धुतले, वाचायला बसले.

"प्रतिवादीनं क्रूर व अमानुष वर्तन केलं." दोन वेळा मारलं. एकदा ताट फेकलं. "त्यामुळे वादीच्या जिवाला धोका उत्पन्न झाला." तिच्या बहिणीची साक्ष. मग प्रतिवादीचं उत्तर — नाही. वकील — नाही. हजर होता, एक शब्द बोलला नाही. तळाशी सही, एव्हर्ट ब्रिंक. ते 'ब' तो अजून तसंच काढतो, पोट फुगलेलं.

एव्हर्ट? जो उंदीर पिंजऱ्यात धरून शेताच्या पलीकडे नेऊन सोडतो? आठवड्यानं तोच उंदीर परत येतो आणि हा म्हणतो, "हा वेगळा आहे."

गोठ्यात गेले. तो दूध काढत होता.
"तू मारलंस तिला?"
हात थांबले नाहीत. "कागद आला वाटतं."
"मारलंस का?"
"कागदावर तसंच आहे."
"मी कागदाला विचारत नाहीये, एव्हर्ट."
त्यानं गाईचं दुसरं आचळ धरलं. मग म्हणाला, "मीना, तेव्हा कायद्यात दुसरी वाट नव्हती. दोघं मिळून 'आमचं जमत नाही' म्हटलं तर जज्ज घरी पाठवायचा. एकानं चांगलं ठरायचं, एकानं वाईट. पुरुष माणूस असला तर वाईटपणा आपल्याकडे घ्यायचा. कारखान्यात चौघांनी तसंच केलं होतं."
"तिनं काय केलं होतं?"
"बादली सरकव जरा."

बस. एवढंच. सरकवली बादली.


शनिवार, ९ मार्च

लाज वाटते, पण खरं तेच लिहीन.

तो निर्दोष आहे याचा आनंद व्हायला हवा. नाही होत. एका बाईसाठी हा माणूस कोर्टात उभा राहिला, बायकोला मारणारा असं स्वतःच्या नावापुढं लिहू दिलं, कायमचं, शिक्क्यासकट. आणि तेरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा.

माझ्यासाठी काय केलं? छपराची पन्हाळ बदलली. शिलाईच्या यंत्राला मोटर लावून दिली. वाढदिवसाला बदामाची पेस्ट्री आणतो, दरवर्षी, न विसरता.

कुणाला पन्हाळ, कुणाला सगळा नावलौकिक!


रविवार, १० मार्च

क्लासनं दारातच गाठलं. "आला का कागद, बाई?"
"टपाल उशिरा धावतंय."
"हं. देवाला घाई नाही. पण ईस्टरला आहे."
स्वतःच्याच विनोदावर हसला, पेपरमिंट घशाशी अडकलं, खोकला. मला वाईट वाटलं नाही. तेही पापच.

निकाल दाखवला तर एव्हर्ट बाकाला तर मुकेलच, वर मंडळीत बायका त्याच्याकडे कशा बघतील? दाखवला नाही तर क्लास म्हणेल लपवतात. खरं सांगू म्हटलं तर पुरावा काय? एव्हर्ट बोलणार नाही. दुसरी ती. ती कुठं आहे कोण जाणे.


मंगळवार, १२ मार्च

मिसेस प्रुइटना लिहिलं. दुसरं कोण आहे विचारायला? रोज असले कागद हाताळणारी बाई. विचारलं, न केलेल्या गोष्टीचा दोष पुरुष खरंच असा अंगावर घेतो का? साक्ष देणारी बहीण अजून त्या भागात आहे का? तिनं येऊन आमच्या पाळकांना खरं सांगितलं तर माझ्या नवऱ्याला त्याच्या वडिलांच्या बाकावर बसता येईल.

इथंच थांबायला हवं होतं. पण हात चालतच राहिला. लिहिलं की ती बाई निर्लज्ज असली पाहिजे, दुसऱ्याच्या चांगुलपणावर पाय देऊन गेली, आणि तिची आठवण माझ्या घरात अकरा वर्षं भाडं न देता राहतेय.

टपालपेटीचं झाकण पडल्यावर वाटलं, अनोळखी बाईला इतकं! पण हलकंही वाटलं.


बुधवार, २० मार्च

उत्तर आलं. कोर्टाच्या कागदावर नाही. साध्या रेघी कागदावर, हातानं. अक्षर तेच, 'कुशल असाल'वालं. इथं उतरवून ठेवते, नाहीतर उद्या मला खरं वाटायचं नाही.

"मिसेस ब्रिंक, तुमचं पहिलं पत्र मीच उघडलं. नाव वाचून आधी दार लावून घेतलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आर्लीन. निकालानंतर इथल्या म्हाताऱ्या क्लार्कनं मला टायपिंगला ठेवलं. ज्या कचेरीत खोटं बोलले तिथंच तेरा वर्षं कागद लावतेय.

"एव्हर्टनं मला बोटसुद्धा लावलं नाही. ताट माझ्याच हातून फुटलं होतं. मला वॉल्टरचं मूल राहिलं होतं. ते कोर्टाला कळतं तर दोषी मी, आणि दोषी बाईला घटस्फोट मागता येत नव्हता. पोर अनौरस जन्मली असती. एव्हर्ट म्हणाला, काय लिहायचं ते लिही, मी सही करतो.

"वॉल्टर जाऊन चार वर्षं झाली. घर माझ्या पगारावर चालतं. शपथेवर खोटं बोलले हे मी लेखी दिलं तर नोकरी राहणार नाही, आणि मुलीला कळेल. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याच्या चांगुलपणावर पाय देऊनच मी गेले. सोबत मजकूर आहे. तुम्ही हो म्हटलंत तर याच्यावर सही-शिक्का करून तुमच्या पाळकांना पाठवते. ठरवायचं तुम्ही."

सोबत खरंच मजकूर आहे. टाइप केलेला. एक खाडाखोड नाही.

कपडे वाळत घालायचे राहिले. तशीच उभी होते पाटीजवळ. मी हिलाच लिहिलं. निर्लज्ज! हिनं वाचलं आणि वाचून हे टाइप करायला बसली.


शनिवार, २३ मार्च

तीन दिवस झाले. प्रार्थना करायला बसते आणि मनात येतं, हो म्हण. एक शब्द. क्लासचं तोंड बंद, एव्हर्ट बाकावर, टायसकट. शिवाय तिला तिचं भोगायला लागेल. हे शेवटचं आधी येतं मनात, खरं म्हणजे. मग आमेन म्हणायला जीभ उचलत नाही.

शेवटी दुपारच्या जेवणानंतर दोन्ही कागद एव्हर्टपुढं ठेवले. चष्मा लावून वाचले. परत घडीवर घडी घातली, होती तशीच.
मला वाटलं आता बोलेल.
म्हणाला, "तिची मुलगी तेरा पूर्ण झाली असेल. मार्चमध्ये."

मोजून ठेवलं होतं यानं! आपली नसलेल्या पोरीची वर्षं!

मग उठला, कपाटातून टाय काढला, त्याच्या पातळ कागदात गुंडाळून मला दिला. "दुकान परत घेतं का बघ."


सोमवार, २५ मार्च

काल पाळकांना सांगितलं, पंचांच्या यादीतून एव्हर्टचं नाव काढा. क्लासनं "का?" विचारलं. म्हटलं, "'का' हवं असेल तर कोर्टाला दर पानाला पंचवीस सेंट." उपासनेत एव्हर्टनं पेपरमिंट पुढं केलं. घेतलं. टाय परत केलेला नाही. घालू दे, मागच्या बाकावर बसूनही टाय घालता येतो.

आज टाकलेलं पत्र, जसंच्या तसं —

"मिसेस प्रुइट, सही करू नका. मजकूर मी चुलीत घातला, तुमच्याकडची प्रतही घाला. निर्लज्ज म्हटलं ते परत घेते. बाकीचं नाही. बदल्यात तुम्ही मला एकच सांगायचं, कारण तिथं तुम्ही होता आणि मी नव्हते. तुम्ही उभं राहून त्यानं मारलं म्हणून सांगत होता, तेव्हा तो कुठं बघत होता? तुमच्याकडे बघत होता का? खरं असेल तेच लिहा. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. उलट टपाली कळवा."